खिळ्यांवरच्या तीन प्लेटा

आमच्या भावोजींना सल्ला विचारलेला आवडतो, दिलेला नाही. भावोजी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान. वय एकसष्ट. त्यांच्या ट्रकचं वय चोवीस. दोघांचीही तब्येत ठणठणीत आहे, असं ते कोणी न विचारताच सांगतात. खाणीतून दगड भरायचा आणि बांधकामांवर नेऊन ओतायचा, हा त्यांचा जन्माचा धंदा. ट्रक पुरेसा भरला की बाकीचे ड्रायव्हर हात वर करून दगड ओतणाऱ्या यंत्रवाल्याला थांबवतात. भावोजी हात खिशात घालून उभे राहायचे. त्यावरून खाणीत त्यांचं नाव पडलं ‘पहाड’. त्यांनी ते इतकं मनावर घेतलं की ट्रकच्या दारावर रंगवूनच घेतलं, तेही दोन्ही बाजूंनी.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या ट्रकचा क्लच गेला. क्लच जाणं म्हणजे काय, ते मलाही समजावून घ्यावं लागलं होतं. इंजिनाचा जोर चाकांकडे पोचवते ती ताटाएवढी एक चकती. तिला प्लेट म्हणतात. ती झिजली की इंजिन बोंबलतं आणि गाडी जागची हलत नाही. भावोजींचा ट्रक तर भरल्या दगडांनिशी खाणीच्या चढावर दहा-बारा हात मागे आला. मागे कोणी नव्हतं म्हणून निभावलं. खाणीच्या व्यवस्थापकाने शांतपणे सांगितलं की, पुन्हा असं झालं तर हा ट्रक फाटकातून आत येणार नाही. दुसरी खाण जवळपास नाही आणि भावोजींना दुसरं काम येत नाही.

बरं, क्लच जायची ही पहिली वेळ नव्हती. तीन वर्षांत तिसरी. दर वेळी सुट्या भागांचा दुकानदार आधीपेक्षा दणकट क्लच त्यांच्या गळ्यात मारायचा आणि भावोजी खूश होऊन तो बसवायचे. या खेपेला त्याने असा एक काढून ठेवला होता की म्हणे रणगाड्यालाही पुरेल. भावोजींचं ठरल्यातच जमा होतं.

बहिणीचा मला फोन आला. म्हणाली, “ताई, तुझ्या गाडीतून ह्यांना गॅरेजात घेऊन जा आणि जरा तिथे थांब. माझं काही ऐकत नाहीत. तुझ्यासमोर निदान आवाज खाली असतो.”

गेले. भावोजी गाडीत बसले तेव्हा एक गोष्ट पाहिली. उजवा पाय सरळ आत आला. डावा मात्र त्यांनी गुडघ्याजवळ पँटला धरून उचलला आणि सामान ठेवावं तसा आत ठेवला. मी विचारलं, पायाला काय झालं? म्हणाले, पँट घट्ट आहे. मी गाडी सुरू केली.

ट्रक ज्याच्याकडे उभा होता तो मिस्त्री भावोजींचा तरुणपणापासूनचा दोस्त. काटकुळा, बोलण्यात तिखट. त्याची एक पद्धत आहे. गाडीतून काढलेली जळकी प्लेट तो भंगारात देत नाही. भिंतीवर खिळा ठोकून टांगतो आणि वर खडूने गाडीचा नंबर आणि ती किती चालली ते लिहितो. निम्मी भिंत त्या काळ्या चकत्यांनी भरली आहे. गिऱ्हाईक त्याला हसतं आणि आपली प्लेट शोधतं.

“ये पहाडा,” तो म्हणाला. “तुझी तिसरी टांगून ठेवलीय. दर्शन घे.”

भावोजींच्या तिन्ही प्लेटा शेजारी शेजारी होत्या. पहिली साधी, ट्रकबरोबर यायची त्या जातीची. तिच्यावर लिहिलं होतं नऊ वर्षं. दुसरी दणकट, दोन वर्षं. तिसरी आणखी दणकट, अकरा महिने. मी सरळ विचारलं की, माल दणकट होत गेला तसं आयुष्य आखूड कसं झालं? भावोजी म्हणाले, हल्ली मालच तसा येतो. त्यावर मिस्त्रीने त्याच भिंतीवरच्या दुसऱ्या दोन प्लेटा दाखवल्या. त्याच दुकानातल्या, त्याच खाणीतल्या ट्रकांच्या. एक पाच वर्षं चालली होती, दुसरी सहा.

भावोजींनी दुकानदाराचं खोकं पुढे सरकवलं आणि बसव म्हणाले.

मिस्त्री खोक्याकडे न बघता ट्रकच्या केबिनमध्ये चढला आणि क्लचच्या पेडलावरचं रबर उपटून घेऊन आला. त्याने ते माझ्या हातात दिलं. रबरावरच्या रेघा साफ गेल्या होत्या, बुटाच्या तळव्याएवढा गुळगुळीत खळगा पडला होता. ब्रेकचं रबर तेवढंच जुनं, म्हणाला, पण त्याच्या रेघा अजून जागच्या जागी आहेत.

“पाय ठेवून चालवतोस तू,” तो भावोजींना म्हणाला.

हे त्यांना फार लागलं. गियर पडला की डावा पाय पेडलावरून खाली, ही शिकवण खाणीतल्या निम्म्या ड्रायव्हरांना भावोजींनीच दिलेली. न ऐकणाऱ्याच्या गुडघ्यावर ते पट्टी मारायचे. पेडलावर पाय टेकलेला राहिला की क्लच अर्धवट दाबलेला राहतो, प्लेट दिवसभर घासते आणि जळते, हे त्यांना तोंडपाठ. चाळीस वर्षं गाडी हाकतोय, मला शिकवू नकोस, असं काहीसं ते म्हणाले. मिस्त्रीही मग हट्टाला पेटला. क्लच जेवढा दणकट तेवढं पेडल जड, हे तुला माहीत नाही का, वगैरे.

मला असल्या भांडणांचा कंटाळा आहे.

“भावोजी,” मी म्हटलं, “पँट किती दिवसांपासून घट्ट आहे?”

ते हातातल्या रबराकडे बघत राहिले. रबर माझ्याकडून त्यांनी कधी घेतलं ते माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

“तीन वर्षं झाली, ताई,” ते म्हणाले.

गुडघा दुखायचा. एकदा उचललेला पाय पुन्हा खाली ठेवून पुन्हा उचलणं नको वाटायचं, म्हणून तो पेडलावरच राहायचा. क्लच जळायचा. मग आणखी दणकट क्लच, आणखी जड पेडल, आणखी दुखणं. चकतीचं वजन वाढवून गुडघा बरा करायचा त्यांचा बेत होता, एवढंच.

मिस्त्री आत गेला आणि साध्या क्लचचं खोकं घेऊन आला. पेडल हलकं येईल, म्हणाला. पायाला टेकू म्हणून पेडलाशेजारी लोखंडी पट्टी जोडून देतो. मात्र यावर गाडीच्या कागदांत लिहिलंय तेवढंच वजन न्यायचं. पहाडगिरी बंद.

अंगणात दुसऱ्या कोणाचा तरी तसलाच ट्रक उभा होता, साध्या क्लचचा. भावोजी त्यात जाऊन बसले. दार उघडंच होतं, त्यामुळे पाय दिसत होता. पेडल दाबायचे, सोडायचे, पाय खाली ठेवायचे. असं कितीतरी वेळा केलं. मिस्त्रीने तेवढ्यात चहा संपवला. मीही.

उतरून आले आणि साध्या खोक्यावर हात ठेवून म्हणाले, “हा टाक. आणि तो दुकानदाराचा रणगाडा परत नेऊन दे. मी जाणार नाही.”

पुढचं मला बहिणीकडून कळलं. पहिल्या दिवशी खाणीत माप पुरं झाल्यावर भावोजींनी हात वर केला. पण यंत्रवाल्याला त्यांच्याकडे बघायची सवयच नव्हती. त्याने आणखी दोन घास ओतले. भावोजींनी हॉर्न दाबून धरला, रांगेतले सगळे ड्रायव्हर उतरून आले आणि त्यांच्यादेखत भावोजींनी जास्तीचा दगड परत काढायला लावला. त्या दिवसापासून खाणीत त्यांना ‘टेकडी’ म्हणतात. दारावरचं नाव त्यांनी पुसलेलं नाही.

ट्रक अजून आत जातो. चौथा खिळा मिस्त्रीने ठोकून ठेवलाय, तो रिकामा आहे. गुडघा भावोजींनी अजून कोणत्याही डॉक्टरला दाखवलेला नाही. पँटी मात्र सगळ्या सैल शिवून घेतल्या आहेत.