नऊशे एक, पाच, त्रेपन्न

जामखेडला बाजारतळाच्या मागे बियाण्यांची एक सोसायटी होती. तिथे कोंडीराम नऊ वर्षं रोजंदारीवर होता, त्यातली शेवटची चार कॉम्प्युटरवर. त्याला कायम करायचं दरवर्षी ठरायचं. मॅनेजर आबासाहेब दर मार्चला म्हणायचे, "ऑर्डर निघाली की निरोप देतो." ऑर्डर काही निघत नव्हती, आणि कोंडीराम काही आशा सोडत नव्हता. त्या एका निरोपाच्या भरवशावर त्याने डोक्यावरचे निम्मे केस घालवले होते.

कॉम्प्युटरला विसरण्याचा रोग होता. आतली बॅटरी मेलेली. संध्याकाळी बंद केला की सकाळी गडी एक जानेवारी एकोणीसशे ऐंशीला जागा व्हायचा, आणि आपल्या पोटात डिस्क आहे हेसुद्धा त्याला ठाऊक नसायचं. मग एक बटण दाबून निळ्या पडद्यावर त्या डिस्कचे तीन आकडे हाताने भरावे लागत, तेव्हा कुठे स्वारी चालू व्हायची. नऊशे एक, पाच, त्रेपन्न. कोंडीरामने ते आपल्या पद्धतीने पाठ केले होते. नऊशे एक म्हणजे वडिलांच्या वाट्याच्या माळाचा गट नंबर, पाच म्हणजे पंचशील आणि त्रेपन्न हे त्याचं स्वतःचं जन्मसाल. रोज सकाळी विहारात वंदना करून यायचा आणि मशीनपुढे बसून हे भरायचा. कुणी मागे उभं असेल तर जरा खांदा आडवा धरायचा.

खरं तर हे आकडे डिस्कवरच्या लेबलवर छापलेलेच होते. एका दुपारी सगळे जेवायला गेलेले असताना त्याने झाकण उघडून ते ब्लेडने खरवडून काढले. बॅटरीचं कुणी विचारलं की म्हणायचा, "त्या जातीची आता मिळत न्हाई." ही लबाडी होती, दुसरं नाव नाही तिला. पण नऊ वर्षं ज्याला कुणी धरून ठेवलं नाही, त्याने काहीतरी धरून ठेवलं, तर त्याच्यावर रागवायचं तरी कुणी?

शहाण्णव साली, ऐन ज्वारीच्या पेरणीच्या तोंडावर, कोंडीरामला टायफॉइड झाला. सोसायटीत बियाणं आलेलं, सभासदांची यादी मशीनमध्ये आणि मशीन ढिम्म. पाचव्या दिवशी आसाराम शिपाई सायकल मारत घरी आला.

"साहेबांनी आकडे मागितल्यात. कागदावर लिहून दे."

कोंडीरामची बायको गीताबाई म्हणाली, "देऊन टाका की. अंगात ताप आन् आकडे कशापायी धरून बसलाय?"

"दिल्यावर माझ्याकडं काय ऱ्हातंय?" कोंडीराम म्हणाला. मग आसारामकडे वळला. "साहेबांना म्हणावं, ऑर्डर घिऊन या, आकडे घिऊन जा."

उभ्या आयुष्यात तो असं कुणाला बोलला नव्हता. बोलून झाल्यावर त्याला इतकं बरं वाटलं की वाटीभर पेज प्याला. मग तीन दिवस दाराकडे डोळे लावून पडून राहिला. कुणी आलं नाही. नवव्या दिवशी भिंतीला धरत उठला आणि ऑफिसकडे निघाला. काही न मागता आकडे सांगून टाकायचे, असं वाटेत त्याने ठरवलं. भीती वाटत होती त्याला, दुसरं काही नाही.

ऑफिसात नगरहून आलेली इंजिनियर शुभांगी बसली होती. तिने डिस्क काढून आपल्या नव्या मशीनला जोडली होती. एक बटण दाबलं, आणि पडद्यावर आपसूक आकडे उमटले. नऊशे एक. पाच. त्रेपन्न.

"हे कुनी सांगितलं?" कोंडीरामने विचारलं.

"कुणी नाही. डिस्कला स्वतःचे आकडे ठाऊक असतात. नवं मशीन तिलाच विचारतं." मग सहज म्हणाली, "लेबल मात्र कुणीतरी खरवडलंय."

कोंडीराम पडद्याकडे बघत राहिला. त्याचा माळ, त्याचं शील, त्याचं साल, सगळं परक्या मशीनवर उघडं पडलं होतं. आबासाहेबांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, "ताप उतरला का?"

शुभांगीने आकडे जुन्या मशीनमध्ये भरले आणि नवी बॅटरी तारेने जोडली. ती जात बाजारात मिळत होती. मशीन बंद करून पुन्हा लावलं, तर विनातक्रार सुरू झालं. तारीखसुद्धा आजचीच. "आता चार-पाच वर्षं काही बघायला नको. कुणीही सुरू करू शकेल," ती म्हणाली.

"तू आराम कर," आबासाहेब कोंडीरामला म्हणाले. "गरज लागली की निरोप देऊ."

घरी गीताबाई दारातच उभी होती. "काय म्हनले साहेब?"

"निरोप देऊ म्हनले."

नऊ वर्षांची तिला सवय होती. "देत्याल," ती म्हणाली, "बघू वाट."

कोंडीराम भिंतीकडे तोंड करून पडला. निरोप देऊन झालाय, हे त्याने तिला सांगितलं नाही.