मामाजींची दुर्बीण

आमच्या मामाजींनी, म्हणजे माझ्या बायकोच्या सख्ख्या मामांनी, आर्वी तालुक्यातली जितकी भोकं आतून पाहिली आहेत तितकी तिथल्या उंदरांनीही पाहिली नसतील. नोकरी एस.टी.च्या डेपोत मेकॅनिकची. निवृत्त झाल्यावर जंगलाला लागून असलेलं वावर आणि वडिलांच्या वेळची बारा बोअरची एकनळी बंदूक, एवढ्या दोन गोष्टी सांभाळत ते बसले. परवाना शेतीरक्षणाचा. रोही, म्हणजे नीलगाई, नाहीतर रानडुकरं तुरीत शिरली की मामाजी हवेत एक बार काढत. या बंदुकीने आजवर एकही जनावर मेलेलं नाही, हे मामाजी अभिमानाने सांगतात; मामीही तेच वाक्य सांगतात, फक्त वेगळ्या सुरात.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीने त्यांना मोबाईलवरून एक कॅमेरा मागवून दिला. लांबलचक वायर, टोकाला पेन्सिलीएवढं बारीक भिंग, भोवती इवलेसे दिवे. दुसरं टोक मोबाईलला लावलं की आतलं सगळं पडद्यावर. किंमत बऱ्यापैकी चपलेच्या जोडाएवढी. दवाखान्यात पोटात घालतात ती दुर्बीण, म्हणून मामाजी हिलाही दुर्बीणच म्हणू लागले आणि हळूहळू बोलूही लागले डॉक्टरसारखे. आधी बंदूक मधून उघडून ती रिकामी असल्याची दोनदा खात्री करायची, मग गजाला चिंधी गुंडाळून नळी कोरडी करायची, आणि मगच दुर्बीण आत. "पेशंट उपाशीच पाह्यजे, जवाईबापू," असं ते मला बजावत, जणू माझ्याच पोटात ती घालायची होती. पहिल्या दिवशी आतलं दृश्य पाहून ते दोन वेळा जेवले नाहीत. "खड्डेच खड्डे हायेत हो! आपला रोड बरा!" इवल्याशा ओरखड्यालाही हे भिंग विहिरीएवढं करून दाखवतं, हे उमगायला त्यांना आठवडा लागला. मग मात्र त्यांनी शास्त्रच उभं केलं. चिंधीने निघते ती काजळी, पितळी ब्रशने निघते ती शिशाची रेघ, आणि दोन्हीला दाद देत नाही तो गंजाचा खड्डा. मामींची नेलपॉलिश लांबवून त्यांनी वायरवर बोटाबोटाच्या अंतरावर लाल खुणा केल्या आणि वहीत नोंदी सुरू झाल्या: 'चौथी खूण, घड्याळात तीनची जागा, खड्डा, मागच्याएवढाच.' मामी म्हणाल्या, "जिंदगीत एकदा हौसेनं आणली, ते बी बंदुकीच्याच कामाले गेली."

मग मिक्सर झाला, नळाची तोटी झाली, भिंतीतलं बीळ झालं. दिवाळीला गेलो तेव्हा त्यांची नजर माझ्या कानाकडे वळली आणि मी जेवण अर्धवट टाकून अंगणात पळालो. निवडणुकीच्या वेळी ठाण्यात जमा केलेली बंदूक परत घेतानाही मामाजींनी तिथेच दुर्बीण काढली. हवालदार वैतागून म्हणाला, "काका, बंदूक घेऊन राह्यले का पोरगी पाहून राह्यले?" मामाजींनी पडद्यावरची नजर काढली नाही. "पोरगी पाह्याले मले एवढा टाइम नोता लागला."

पंचक्रोशीतले परवानेवाले त्यांच्याकडे येऊ लागले. फी एक चहा आणि नियम एकच: चीर दिसली की नळी हातातच फुटायची भीती, म्हणून त्या बंदुकीचा बार बंद, मग ती कोणाचीही असो. गेल्या वर्षी धुऱ्याला धुरा, म्हणजे बांधाला बांध, लागून असलेल्या त्यांच्या जिवलग दोस्ताची बंदूक त्यांनी अशीच बंद केली. दोस्त कापसाचा अख्खा हंगाम त्यांच्याशी बोलला नाही.

या हिवाळ्यात, मी तिथे असतानाच, मामाजींच्या स्वतःच्या नळीत सहाव्या खुणेवर केसासारखी काळी रेघ दिसली. काजळी म्हणून पुसली. शिसं म्हणून घासली. पुसून कोरडी केली तरी थोड्या वेळाने तिच्यातून तेलाचा ओलावा पुन्हा वर येई, चिरेतून येतो तसा. मामाजी दोन दिवस गज फिरवत राहिले. मला त्यांच्याकडे बघवेना. शेवटी मामींनीच दोस्ताला बोलावणं पाठवलं. तो आला, पडद्यावर बराच वेळ पाहत राहिला. मला वाटलं, आता हा गेल्या वर्षीचं सगळं वसूल करणार.

"मले तं काई दिसत नाई," तो म्हणाला. "काजळी असन. राहू दे."

"मांगच्या वर्षी म्या तुले खोटं सांगतलं होतं काय?"

"नाई."

"मंग तू काऊन खोटं बोलून राह्यला?"

दोस्त खाली पाहत म्हणाला, "तुया बाबाची हाय ना रे ते."

मामाजींनी दुर्बिणीची वायर गुंडाळून ठेवली. दुसऱ्या दिवशी परवाना खिशात घालून ते बंदुकीसह नागपूरच्या बंदुकीच्या दुकानात गेले. तिथल्या म्हाताऱ्या कारागिराने चीर खरी असल्याचं सांगितलं, तेव्हा परत येऊन त्यांनी बंदूक ठाण्यात कायमची जमा केली. पावती त्यांनी नोंदींच्या वहीत घडी करून ठेवली, असं बरोबर गेलेल्या दोस्ताने मला सांगितलं.

आता दिवस मावळताना दोघंही मचाणावर बसतात. दोस्त तेलाचा रिकामा डबा बडवतो, मामाजी आरोळ्या ठोकतात, आणि रोही तेवढ्यानेही पळतात. परवा गेलो तर मामाजी मोबाईलमध्ये त्या नळीचा शेवटचा व्हिडिओ पाहत होते. गोल, चकचकीत, पार टोकाला उजेडाचा एक ठिपका. मी म्हटलं, कशाला पुन्हा पुन्हा बघून जिवाला लावून घेता?

"तसं नाई हो, जवाईबापू. बाबानं जिंदगीभर खांद्यावर वागवली, पण अंदरून कशी हाय हे त्यायनं कधी पाह्यलंच नाई. त्यायले एकदा दाखवाले पाह्यजे होती."