फक्त मजकूर

वाचनालयात माझ्या शेजारी पूर्णगडचे एक निवृत्त खलाशी बसत. बुडून गेलेल्या मित्राच्या आठवणी ते त्याच्या मुलीसाठी लिहीत होते. तिला बाप आठवतच नव्हता. लॅपटॉप उघडला की दोन कळा दाबत आणि लिहायच्या एडिटरचा मेनू, बटणं, बाजूच्या खिडक्या सगळं नाहीसं होई. तसा प्रोग्राम त्यांनी स्वतःच लिहिला होता.

"सगळंच लपवलंत? अडत नाही?" मी विचारलं.

"अहो बाई, रात्री जहाज हाकताना आतले दिवे मालवतात. नाहीतर बाहेरचं दिसणार कसं?"

एका सकाळी त्या मोकळ्या पडद्याकडे बघता बघता ते मोठ्याने हसले. ग्रंथपालबाई दटावायला उठल्या.

"माफ करा हो, तो कसा हसायचा ते आत्ता आठवलं," म्हणाले आणि घाईघाईने टाइप करू लागले.