वरच्या पट्टीतला गोड सूर

लग्न ठरल्यावर आमच्या मुलीनं एकच अट घातली, आणि तीही सासरच्यांना नाही, मला. "बाबा, बिदाईले तुमी क्लॅरिनेट नका वाजवू. तुमी वरच्या सुरात गेले का रानडुक्कर फासात सापडल्यावानी वाटते." तीस वर्षं मी सिंदेवाहीच्या बँडपार्टीत पुढच्या रांगेत वाजवतोय. हिचं बारावीपर्यंतचं शिक्षण त्याच डुकराच्या किंकाळीवर झालं. पण शिकलेल्या मुलीपुढं बोलणार कोण!

बरं, ती खोटंही बोलत नव्हती. खालच्या सुरांत माझा हात धरणारा कोणी नाही. वर चढलो की चिरकायचं. बँडचे मालक म्हणजे आमचे उस्ताद, पहिल्या दिवसापासून सांगत आले, "भाऊ, चबा मत. फूंक." म्हणजे क्लॅरिनेटच्या तोंडाशी असलेल्या वेताच्या पत्तीला दातांनी आवळू नको, पोटातून वारा सोड. मी मान डोलवायचो आणि आणखी जोरात आवळायचो. वरचा सूर निसटतो, तर तो दाबूनच धरायला हवा, हे आमचं अगाध ज्ञान.

त्या अटीनं माझं टाळकं सटकलं. हिला दाखवतोच, म्हटलं. रोज सकाळी धानाच्या बांधीवर उभा राहून एकेक वरचा सूर लांबवू लागलो. आठ दिवसांत त्या भागातली माकडं पसार झाली. शेजारच्या शेतकऱ्यांनी आभार मानले. सुरात फरक शून्य.

मग वरचा पुढचा दात हलायला लागला. डॉक्टरनं विचारलं, "सुपारी खाता?" म्हटलं, "नाई, क्लॅरिनेट खातो." त्यानं दात काढला. आता आवळायचं म्हटलं की हिरडीतून कळ थेट मस्तकात जायची. झक मारत वरचा ओठही आत दुमडला, पत्ती नुसत्या ओठांत धरली आणि हळू फुंकलं. सूर असा मोकळा आला की माझाच विश्वास बसेना. उस्ताद म्हणाले, "तीस साल मेरी नहीं सुनी, दाँत की चार दिन में सुन ली." घ्या, म्हणजे मी किती हुशार!

बिदाईच्या दुपारी मुलीचा बाप म्हणून मांडवाच्या दारात उभं राहायचं सोडून मी बँडचा लाल कोट चढवला, टोपी कपाळावर ओढली आणि मागच्या रांगेत शिरलो. बायको मला शोधत होती, ती शोधतच राहिली. मला मुलीचं तोंड पाहायचं होतं, हरलेलं.

आलापल्लीला जाणारी गाडी दारात लागली. मी वरच्या सुरांत चढलो, आणि कुठंही चिरकलो नाही. मुलगी गाडीपाशी थबकली. "हा कोण वाजवून राह्यला? लय गोड वाजवते." माझी छाती फुगली. मग ती रडत आईला म्हणाली, "पण बाबा कुठी हायेत? माह्यावर रुसले का? बोलवा ना वो त्याहिले."

तोंडातून क्लॅरिनेट काढून "इथी हाय गं" म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण गाण्याची ओळ तुटली असती. इतकी नीट ती जन्मात कधी लागली नव्हती. मी डोळे मिटून ओळ पुरी केली. उघडले तेव्हा गाडी वळणापार गेली होती. आग लागो त्या सुराला.