दहा मीटरवरचा वारा

पवनचक्की उभी करायला किती खर्च येतो, असं कुणी विचारलं की टेपकाकांना चीड येई. "चक्कीला काय, बाजारात भाव आहे तिचा. पण ती डोंगरावर नेऊन उभी कोण करणार? तुमचे आजोबा?"

पट्ट्याला मोजायची टेप अडकवल्याशिवाय ते घराबाहेर पडत नसत, म्हणून टेपकाका. पवनचक्क्या उभारून देणाऱ्या एका कंपनीत ते खर्चाचा अंदाज काढायचे. त्याआधीचं अर्धं आयुष्य रस्ते मोजण्यात गेलेलं. साठ मीटर लांबीचं पातं घेऊन ट्रक निघाला की कुठल्या वळणावर अडेल, किती खांब काढून परत पुरावे लागतील, कुठल्या पुलाची कंबर मोडेल, हे ते स्वतः पायी चालून बघत. बाकीचे अंदाजवाले शेवटी 'अचानक उद्भवणारा खर्च' म्हणून दहा टक्के चढवतात. काकांना ते लबाडीचं वाटे. "अचानक काही उद्भवत नाही. तुम्ही जाऊन बघितलेलं नसतं, एवढंच." आणि सव्वीस वर्षं त्यांचा आकडा खरोखर चुकला नव्हता. मालक पाहुण्यांना त्यांची ओळख करून द्यायचे. काका वरवर लाजायचे, पण ते त्यांना आवडायचं.

त्यांना न आवडणारी एकच गोष्ट कंपनीत होती, ती म्हणजे त्यांचा मेहुणा. बायकोचा सगळ्यात धाकटा भाऊ. त्याने आधी फोटो स्टुडिओ काढला, तो बुडाला. मग शोभेच्या माशांचं दुकान काढलं. तिथे मासे आणि दुकान एकाच महिन्यात गेले. शेवटी बायकोने दोन महिने धरलेला अबोला सोडवायला काकांनी मालकांकडे शब्द टाकला आणि मेहुणा साइट सुपरवायझर झाला. त्यानंतर ऑफिसात कुणी "तुमचे मेहुणे" म्हणालं तरी काकांच्या कपाळाला आठी पडे.

या वेळी त्याच्या साइटवर घोडं पेंड खात होतं. बारा चक्क्यांचं काम. क्रेन एवढी मोठी, की ती नुसती उभी राहिली तरी रोजचं भाडं चालू. काकांच्या अंदाजात क्रेन वाऱ्यामुळे आठ दिवस थांबेल असं धरलं होतं. ती एकतीस दिवस थांबली होती आणि पाती अजून जमिनीवरच. मालकांनी कुणाकडून तरी फोटो मागवले. फोटोत क्रेन उभी, माणसं सावलीत बसलेली आणि मागच्या झाडाचं पानही हललेलं नाही.

"वारा आहे म्हणे!" मालकांनी फोटो काकांपुढे सरकवले. "काका, तुमचा नातेवाईक आहे म्हणून विचारतो. सोमवारी त्याला काढायचं माझ्या मनात आहे. तुम्ही जाऊन बघा. तुम्ही म्हणाल ते मी मानीन."

घरी बायको फक्त एवढंच म्हणाली, "अहो, त्याला दोन लेकरं आहेत. आता हे गेलं तर त्याला कोण उभं करणार आहे?"

"मी बघून येतो," काका म्हणाले. मनात निकाल लागलेला होता. नुसती सही राहिली होती.

साइटवर पोचले तेव्हा दुपार टळत होती. हवा पडलेली. काकांनी चिमूटभर माती उचलून सोडली, ती सरळ पायावर पडली. मेहुणा धावत आला. "भावोजी, तुम्ही? पाणी आणू?"

"पाणी नको. क्रेन का उभी आहे?"

"वर वारा आहे."

"वर म्हणजे कुठे, स्वर्गात?"

मेहुण्याने त्यांना क्रेनच्या केबिनपाशी नेलं. आतला ऑपरेटर वयस्क होता आणि पालेभाजी निवडावी तशा शांतपणे नखं कापत बसला होता. समोरच्या पडद्यावर वाऱ्याच्या वेगाचा आकडा होता, सेकंदाला चौदा मीटर. क्रेनच्या टोकाला बसवलेलं यंत्र तो पाठवत होतं. "वेग दहाच्या वर गेला की पातं उचलायचं नाही," ऑपरेटर म्हणाला. "उचललं तर पातं माझं ऐकत नाही."

काकांनी पिशवीतून फाइल काढली. "या महिन्यात इथे सरासरी पाच आहे. हा बघा वाऱ्याचा तक्ता."

ऑपरेटरने नेलकटर खाली ठेवलं, चष्मा लावला. "पाच कुठल्या उंचीवर?"

तक्त्यात चार ओळी होत्या. शंभर मीटर, ऐंशी, चाळीस आणि तळाला दहा. काकांनी पाचाखाली पेन्सिलीने रेघ ओढली होती. ती तळाच्या ओळीत होती. जन्मभर जमिनीकडे बघत चाललेल्या माणसाने आभाळातलं काम जमिनीवरच्या वाऱ्याने मोजलं होतं. सगळ्यात वरच्या ओळीत तेरा लिहिलेलं होतं, तेही ठळक अक्षरात.

काकांनी तक्ता तीनदा वाचला. मग फाइल मिटली आणि क्रेनच्या पायाजवळच्या लाकडी ठोकळ्यावर बसले. गप्प राहिलं तर सव्वीस वर्षं शाबूत राहत होती. सोमवारी मेहुणा गेला असता आणि तक्ता कुणी उघडलाही नसता. हे त्यांच्या मनात आलं नाही असं नाही. आलं, आणि चांगलं पाच मिनिटं बसून राहिलं.

मग त्यांनी मालकांना फोन लावला. मेहुणा शेजारीच उभा होता.

"साहेब, साइट बरोबर आहे. माझा अंदाज चुकला. तळाचा वारा धरला मी."

मालक म्हणाले, "काका, मेहुण्याला वाचवायला बोलत नाही ना?"

"तक्ता आणून दाखवतो."

"असं असेल तर तो एकतीस दिवस तोंड शिवून बसला होता का? पहिल्याच आठवड्यात सांगितलं असतं तर क्रेन परत पाठवली असती. मग चूक त्याचीही आहेच की!"

काकांना हे पटलं. थोडं बरंही वाटलं. फोनवर हात ठेवून ते मेहुण्यावर खेकसले, "का रे, का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं, भावोजी. तिसऱ्या दिवशी तुम्हालाच फोन केला होता."

"काय म्हणालो मी?"

मेहुणा खाली बघत म्हणाला, "आकडे माझ्यावर सोड आणि माशांसारखा बघत बसू नकोस, असं म्हणालात."

काकांना तो फोन आठवेना. पण वाक्य आपलंच आहे, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका आली नाही. त्यांनी फोनवरचा हात काढला.

"सांगितलं होतं त्याने, साहेब," ते म्हणाले. "मी ऐकलं नाही."