गिद्देनेमची दाराजवळची जागा

कार्थेजच्या बंदरामागे मासळी मिठात मुरवून तिचा रस काढायचे हौद होते. गिद्देनेमने वीस वर्षं त्या हौदांत फावडं फिरवलं. रस साऱ्या शहराला ताटात हवा, पण तो काढणारी बाई कुणाला शेजारी नको. ख्रिस्ती मंडळींत आपण सगळी भावंडं, असं दर रविवारी घसा ताणून सांगत. आणि ज्यांच्या घरी प्रार्थना भरे त्या होनोराटाबाई दर रविवारी शेला नाकाला लावून तिला दाराजवळ, वाऱ्याच्या तोंडाला बसवत. ती मुकाट्याने बसे. ऐकू तिथूनही येत होतं.

मग बादशहाचा हुकूम सुटला: प्रत्येकाने देवळात जाऊन राज्याच्या देवांपुढे धूप जाळावा, नाही तर तुरुंग. सगळ्यांत आधी धूप जाळायला पळाले ते पुढच्या रांगेतले भाऊ. होनोराटाबाई तर पालखीतून गेल्या, उगाच उन्हात ताटकळायला नको म्हणून. गिद्देनेमची पाळी आली तेव्हा देवळात बसलेला सरकारी कारकून तिला समजावू लागला, की चिमूटभर तर आहे.

"चिमूटभर घाण पडली की आम्ही अख्खा हौद ओतून देतो," ती म्हणाली. "मी एकदा माझ्या देवाला हो म्हटलंय."

तिला कोठडीत टाकलं आणि अन्नपाणी तोडलं. आता मंडळींत एक रीत होती. जो वाकला नाही त्याने माफीची चिठ्ठी दिली, तर वाकलेल्याला पुन्हा पंगतीत घेत. झालं, पहारेकऱ्याचे हात ओले करून प्रतिष्ठितांची रीघ लागली. जिच्या वासाने यांना मळमळत होतं, तिच्या घाणेरड्या कोठडीत नाकं मोकळी सोडून बसू लागले.

होनोराटाबाईही आल्या. "गिद्देनेमताई, तुझ्या एका शब्दावर माझं सगळं आहे गं," म्हणाल्या. वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना तिचं नाव आठवलं होतं.

गिद्देनेमला राग आला, आणि तो तिने लपवला नाही. तहानेने ओठ फाटले होते. सोबतचा कैदी रोगातुस याला लिहिता-वाचता येत होतं. तो म्हणाला, हिला हाकल.

"हिला हाकललं तर मीही नाकच धरलं की रे," ती म्हणाली. "लिही. बाई, अट एकच. परत घेतलं की माझ्या जागेवर बसायचं, दाराजवळ."

बाईंनी रडत रडत शपथ घेतली.

चौथ्या दिवशी गिद्देनेम तहानेने गेली. जाताना जीभ सुजली होती. शेवटचे शब्द वगैरे काही नाहीत. ते नंतर इतरांनी रचले.

छळ थांबल्यावर चिठ्ठी वाचली गेली आणि होनोराटाबाईंना सन्मानाने आत घेतलं. त्या पहिल्या रांगेत बसतात. गळ्यात चांदीची डबी असते, तिच्यात गिद्देनेमच्या अंगावरच्या कपड्याचा तुकडा. डबी उघडली की गुलाबाचा सुगंध येतो, असं त्या बायकांना सांगतात, आणि बायका डोळे मिटून खोल श्वास घेतात. मासळीचा वास कुणालाच येत नाही.

दाराजवळची जागा मात्र रिकामी असते. आदर म्हणून तिथे कुणी बसत नाही, म्हणे.