खोर फक्कानच्या वाटेवरचं आयर्लंड

आयर्लंडच्या सहलीत आमच्या गाइडने बसमध्ये तीन तास फक्त किल्ले सांगितले. कोणत्या सरदाराने कोणता बांधला, कोणी जाळला, कोणती राणी कोणत्या खोलीत झोपली. राणीचं माहीत नाही, आमची निम्मी बस झोपली.

दोन वर्षांनी बायको दुबईच्या ऊद मेथा भागातल्या शाळेतून निवृत्त झाली. तीस वर्षं वर्गात बोललेली बाई घरी बसली. घरात ऐकणारे दोघंच: मी पुस्तकात, मुलगी इअरफोनमध्ये. अशात एका मराठी सहल कंपनीच्या मालकांनी तिला विचारलं, "मॅडम, जुलैची आयर्लंड टूर तुम्ही न्याल का?" तिने हो म्हणायला एक क्षणही घेतला नाही. इतकी खूश मी तिला कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती.

मालकांची अट एकच. शनिवारी आमच्या मराठी मंडळाची खोर फक्कान या समुद्रकाठच्या बंदरगावी सहल होती. "जाताना बसमध्ये आयर्लंड सांगा. लोक जागे राहिले तर जुलै तुमचा."

थाटामाटाची मला चीड आहे, असं मी चारचौघांत नेहमी सांगतो. तरी तिची टिपणं मीच लिहून दिली. वीस पानं, जाड कागदावर, आणि सगळे किल्लेच. मुलीने वरवर चाळली आणि म्हणाली, "बाबा, धिस इज अ हिस्टरी एक्झाम." मी दुर्लक्ष केलं.

शनिवारी बस दुबईबाहेर पडली आणि बायकोने माइक हातात घेतला. "बाराव्या शतकात नॉर्मन सरदारांनी..." खिडकीबाहेर तपकिरी वाळवंट, आत नॉर्मन सरदार. तिसऱ्या किल्ल्याला पुढच्या सीटवर मालकांची हनुवटी छातीला टेकली. मागून मालवणचे एक कॉन्ट्रॅक्टर काका ओरडले, "टीचर, तो उजवीकडचा उंट कुठल्या सरदाराचा?"

बस हसली. बायको हसली नाही. तिने पुढचं पान काढलं, आणि त्या पानावर अक्षर माझं होतं.

मग डोंगरातला बोगदा आला. आतल्या पिवळ्या उजेडात तिला वाचता येईना. तिने कागद माझ्या मांडीवर टाकले.

"खरं सांगू? मला तिथला एकही किल्ला आठवत नाही. एक शेतकरी आठवतो."

आणि तिने सांगायला घेतलं. आयर्लंडच्या पश्चिमेला एका रस्त्यावर शेतांना नुसत्या दगडांच्या भिंती होत्या. चुना नाही, माती नाही, फाटकही नाही. एका म्हाताऱ्याला पाच गाई पलीकडच्या शेतात न्यायच्या होत्या. त्याने भिंतीचा एकेक दगड काढून गवतावर ठेवला, गाई रस्ता ओलांडून नेल्या, आणि परत येऊन दगड पुन्हा रचले. शेवटचं एक भोक राहिलं. तीन दगड लावून पाहिले, चौथा बसला. आमची बस तोवर थांबून. गाइडने उशीर झाल्याबद्दल दोनदा माफी मागितली.

"म्हणजे गडगाच की!" काका उठून उभेच राहिले. "आमच्याकडे जांभ्याचा. पण फाटक नाही? येडे आहेत काय?"

"फाटक असलं की तुमची गुरं रात्रीची दुसऱ्याच्या शेतात," पलीकडच्या सीटवरच्या एक बाई म्हणाल्या.

"आमची गुरं तसली नाहीत!"

"तुमची नसतील, तुमच्या भावाची होती. माझं माहेर शेजारच्याच वाडीत, काका."

त्यानंतर बसमध्ये कोणी कोणाचं ऐकेना. पठाण ड्रायव्हरने आरशातून विचारलं, "क्या हुआ, मॅडम?" तिने हिंदीत सांगितलं. "हमारे गाँव में भी ऐसा दीवार है," तो म्हणाला. "ऊपर काँटा डालते हैं." मग वाऱ्याने त्या भिंती पडत कशा नाहीत, यावर वाद. "दगडांमधल्या फटींतून वारा जातो," बायको म्हणाली आणि थेट वर्गातल्यासारखा हात वर केला. काका पटकन खाली बसले.

या गोंधळात मालक कधीच जागे झाले होते. "मॅडम, ही भिंत आपल्या प्रोग्रॅममध्ये कितव्या दिवशी?"

"कुठल्याच नाही."

"मग घाला. तिसऱ्या दिवसाचा एक किल्ला काढून टाका."

बायकोने माइक खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी बंदराच्या क्रेन दिसतात का ते बघू लागलो.

खोर फक्कानच्या किनाऱ्यावर भेळ झाली. डिशेस कमी पडल्या, तेव्हा माझी वीस पानं कामाला आली. कागद खरंच चांगला होता.